हातचा एक

विद्यापीठातून पत्र आलं: डॉ. तावोंगा म्सुक्वा निवृत्त होत आहेत,
आपण सव्वीस वर्षं त्यांच्यासोबत होतात,
त्यांच्या कार्याच्या प्रभावाविषयी दोनशे शब्द लिहावेत.
मला सोपं जावं म्हणून सोबत आकडे जोडलेत:
एकशे चाळीस निबंध,
आणि त्या एका तक्त्याचे उल्लेख नऊ हजारांवर.

तो तक्ता मला पाठ आहे.
त्याच्या मुळाशी माझी शाई आहे.

तेव्हा लुफिंग्यात वीज नव्हती. सरोवरावरून वारा सुटला
की माचांवर वाळत घातलेल्या उसिपा मासळीचा वास
थेट कचेरीत यायचा
आणि कंदिलाची ज्योत फॉर्मांवर आडवी व्हायची.
बाई दिवसभर सायकलवर.
ज्या घरातलं बाळ गेलं त्या घरी
आधी चुलीपाशी बसायच्या, कसावा सोलू लागायच्या,
दुसरी टोपली भरत आली की मग हळूच विचारायच्या,
रडलं होतं का?

परदेशातून आलेल्या फॉर्मात तेवढाच प्रश्न.
रडलं नाही, तर जन्मलंच नाही.
न्यामुन्थालीनं हातातली साल खाली टाकली. म्हणाली,
माझं नाही रडलं. पण त्यानं माझं बोट धरलं होतं.
ते कुठं लिहिणार तुम्ही?

त्या रात्री बाईंनी पट्टी मागितली
आणि फॉर्मात एक रकाना वाढवला, पेन्सिलीनं.
(आता तो कुठल्या कुठल्या देशांत छापूनच येतो.
पत्रात त्याचा आकडा नाही.)

आकडे वहीत चढवायचं काम माझं.
एक म्हणजे जिवंत, दोन म्हणजे गेलं.
पाचशे अकरावी ओळ. डोळा लागला असेल,
काचेत पतंग पडला असेल, काही आठवत नाही.
मी दोन लिहिलं.

गोळाबेरीज दोनशे तेरा. निबंध छापून आला,
कुठल्याशा मोठ्या सभेत कुणी तो वाचून दाखवला,
औषधांच्या पेट्या आल्या, सुईणींना सायकली आल्या,
बाईंना विमानाची तिकिटं आली.
मला नवा कंदील.

नवव्या वर्षी बाई दुसऱ्याच कामानं त्या घरी गेल्या
तर पाचशे अकरावी ओळ अंगणात आंबा चोखत बसलेली.
नाव चावानांग्वा. गुडघा फुटलेला, कोपरापर्यंत रस.

परत येऊन त्या काही बोलल्या नाहीत.
कपाटातून मूळ फॉर्म काढला:
त्यांच्या अक्षरातला एक, काठीसारखा सरळ.
शेजारी माझी वही.
शुद्धिपत्र त्यांनी स्वतःच टंकलं:
दोनशे तेराऐवजी दोनशे बारा वाचावे. चूक लेखिकेची.
मी म्हटलं, बाई, हात माझा होता.
त्या म्हणाल्या, वर नाव कुणाचं आहे?
मग खालीही त्याचंच.
आणि चहा टाकायला उठल्या.

त्या शुद्धिपत्राचे उल्लेख आजवर चार.
त्यातले दोन त्यांचेच.
जग अजून दोनशे तेरा म्हणतं;
दर आठवड्याला कुठेतरी कुणी विद्वान
त्या पोराला पुन्हा एकदा मारतो,
तळटीप देऊन.

मला दोनशे शब्द लिहायचेत आणि सतरावर अडलोय.
शाळेत मास्तर सांगायचे, हातचा मनात धरा,
तो उत्तरात दिसत नाही,
पण विसरलात तर सगळं उत्तर खोटं.

काल समारंभाच्या खुर्च्या आल्या, मिनीबसच्या टपावर बांधून.
चालवणारा तोच. आता मिशी आहे त्याला.
ठरल्यापेक्षा दोन हजार क्वाचा जास्त मागत होता,
डिझेल महागलं म्हणे, रस्ता खराब म्हणे,
सगळ्या कचेरीशी हुज्जत घालत होता, गळ्याच्या शिरा ताणून.
मी देऊन टाकणार होतो.
बाईंनी हात धरला.
थांबा जरा, म्हणाल्या,
ओरडू दे त्याला.